बिननावाची बटणं

तिने सवयीने टेबलाखाली पाय सरकवला आणि पेडलऐवजी कुणाच्या तरी बोटांवर ठेवला.

"आई गं!" टेबलाखालून आवाज आला.

ती दचकून मागे झाली. "कोण आहे?"

"संगणकवाला. म्हणजे... होतो. आता हात शिल्लक आहे का ते बघावं लागेल."

"मग टेबलाखाली काय करताय?"

"वायरी शोधतोय. तुम्ही आलात तेव्हा आवाज द्यायला हवा होता. मला वाटलं, दिसेनच."

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

टेबलाखालून सरपटत बाहेर येण्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, "अच्छा. म्हणजे चूकही माझी आणि बोटंही माझीच."

कितीतरी दिवसांनी तिला सकाळी सकाळी हसू फुटलं.

इस्पितळाच्या तळघरातल्या त्या दमट खोलीत आठ जणी बसत. डॉक्टर तपासणीचे निष्कर्ष बोलून ठेवत आणि या आठ जणी हेडफोनवर ऐकून त्यांचे अहवाल टाइप करत. आवाज थांबवायचा, मागे न्यायचा, पुढे न्यायचा, सगळं पायाखालच्या पेडलने. ती नऊ वर्षं हे काम करत होती. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर तिचा संगणक तिला वाचून दाखवी, तेही अशा वेगाने की शेजारणीला ते नुसतं चरचरणं वाटे. डॉक्टरांचं पुटपुटणं तिच्याइतकं कुणाला उमगत नसे, म्हणून सगळ्या तिला कानसेन म्हणत.

पण संगणकांची सिस्टीम आता जुनाट झाली होती. बनवणाऱ्यांनीही त्या सिस्टीमकडे बघणं सोडलं होतं, आणि व्हायरस कुठूनही शिरण्याची भीती होती. म्हणून इस्पितळाने दुसरी सिस्टीम घ्यायचं ठरवलं. महिनाअखेर जुनी बंद.

सात यंत्रं झटपट बदलून झाली. आठवं तिचं होतं. तिने हेडफोन लावले, अहवालाचं पान उघडलं आणि एकेक कळ दाबत गेली. कानात एकच शब्द येत राहिला. बटण. बटण. बटण... जतन करायचं कुठलं, पुसायचं कुठलं, काही पत्ता नाही. आणि पेडलला तर नव्या सिस्टीमने ओळखच दाखवली नाही.

तिने हेडफोन काढून ठेवले. "मुख्य बाईंना सांगा, जमत नाही म्हणून."

"कुणाला जमत नाही? तुम्हाला की यंत्राला?"

"फरक काय पडतो? मला चौकशीच्या खिडकीवर बसवतील. नाहीतर घरी."

घरी आई याचीच वाट बघत होती. "पुष्कळ केलंस हो. आता सुखाने बस," ती रोज म्हणे. त्या मायेत लेकीचा जीव गुदमरून जाई.

दुसऱ्या दिवशी ती आली तर शेजारीण कुजबुजली, "अगं, तो तुझे हेडफोन लावून बसलाय. पडदा बंद करून! डोकं ठिकाणावर आहे ना त्याचं?"

"एक अक्षर कळेल तर शपथ," तो कण्हत म्हणाला. "या वेगाने ऐकता तुम्ही?"

"तुम्ही फार सावकाश बोलता."

"सावकाश बोललं की समोरचं माणूस थोडं जास्त थांबतं."

"मी कुठे निघालेय?" ती बोलून गेली, आणि तिचे कान तापले.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत दोघं त्या बटणांना संगणक वाचून दाखवेल अशी नावं देत बसली. बाहेर पाऊस खळत नव्हता, भिंतींना ओल आली होती.

"हे एक बटण काहीच करत नाही. काढून टाकू?"

"राहू दे. एखादं बिनकामाचंही असावं."

"माझ्यासारखं?"

"तुमच्याइतकं बिनकामाचं नको."

तो हसला. तीन वर्षं तो कंपनीसाठी संगणक बदलत गावोगाव फिरत होता. "घर?" तिने एकदा विचारलं. "आई होती तोवर होतं," एवढंच तो म्हणाला.

बटणांना नावं मिळाली, पण पेडल काही चालेना. दिवस भराभर सरत होते. तिची झोप उडाली. त्यातच एकदा जिन्यावर दोघींचं बोलणं तिच्या कानी पडलं. "दया येते गं त्याला बिचारीची. दुसरं काय असणार?"

त्या संध्याकाळी घरचा रस्ता संपता संपेना.

शेवटी शुक्रवारी सकाळी तिने पाय टेकवला आणि कानात डॉक्टरांचा खोकला ऐकू आला. पेडल चाललं! मुख्य बाई शेजारी उभ्या राहिल्या, तिने अख्खा अहवाल टाइप केला. एकही चूक नव्हती.

"नशीब काढलंस," बाई हळूच म्हणाल्या. "'आठही यंत्रं झाली' या कागदावर त्याने सहीच केली नाही इतके दिवस. केली असती तर तू तेव्हाच खिडकीवर गेली असतीस. आता कंपनी चिडलीय. लांबच्या कामावर धाडतायत त्याला, दोन वर्षं. आज दुपारचीच गाडी आहे."

ती तडक त्याच्यापाशी गेली. तो वायरी गुंडाळत होता.

"सही का केली नाहीत? दया आली म्हणून?"

गुंडाळणं थांबलं. "दया आली असती तर लवकर उरकलं असतं," तो म्हणाला. "पेडल... सोमवारीच चालू झालं होतं."

"काय?"

"सांगितलं असतं तर मंगळवारी मला जावं लागलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

"चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही!"

"चुकलो. माफी मागायलाही तोंड नाही मला."

तिला त्याचा संताप आला, आणि त्या संतापातच छातीत काहीतरी लख्ख उजळलं. दोन्ही एकदमच. रडावं की हसावं, तिला कळेना.

"खूप राग आलाय मला," ती म्हणाली. "जायला दोन वर्षं लागतील."

"मग... दोन वर्षांनी येऊ?"

"मधे फोन करायचा. रागवायला माणूस नको का?"

थांब्यापर्यंतचा रस्ता तिला पाठ होता. तरी दुपारी त्याला सोडायला दारातून बाहेर पडताना तिने त्याचा हात धरला.

"वाट दाखवायला नाही हं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

भिजत दोघं उभी राहिली. गाडी आली, दार उघडलं. तो पायरीवरून वळला.

"आवडतेस तू मला."

"पुन्हा सांग. गाडीचा आवाज होता."

"आवडतेस."

पहिल्यांदाही तिला नीट ऐकू आलं होतं.

गाडीची घरघर वळणापर्यंत ओळखू आली, मग पावसात मिसळून गेली. अजून चार अहवाल बाकी होते. ती पावलं मोजत एकटीच परत निघाली, अर्ध्यावर आकडा चुकला, आणि तिला थांब्यावर जाऊन पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली.