तळ्याची दुसरी बाटली

दारावरची घंटा वाजली तेव्हा वहिनी मनातल्या मनात नेहमीचंच मागणं मागत होती : एकदा, फक्त एकदाच, वन्संचं चुकू दे.

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद, खासगी तपासनीस. त्यांच्या हुशारीचे गोडवे गाताना सासरची माणसं थकत नसत. वहिनीच्या वाट्याला यायची ती त्यांची पिशवी.

दारात कॉलेजच्या पहिल्या वर्षातली मुलगी उभी होती. डोळे रडून सुजलेले.

"मी आकडे रचले म्हणतात. उद्या मला काढून टाकतील. पर्यावरण रसायनाचा वर्ग आहे आमचा, ताईच शिकवते. माझी सख्खी ताई!"

तिनं सांगितलं ते असं. पहाटे तिनं तळ्यातून दोन बाटल्या भरून आणल्या. पहिलीत काठावरच रसायनं घातली. त्यानं पाण्यातला प्राणवायू जिथल्या तिथे बांधला जातो. दुसरी न बांधता, बूच लावून, प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या कपाटात ठेवली. पाण्यातली घाण पाच दिवसांत किती प्राणवायू खाते ते पाहायला. पहिलीत प्राणवायू इतका कमी निघाला, की मासे तगूच नयेत. ताईचा विश्वास बसेना. त्याच दुपारी तिनं भर वर्गात दुसरी बाटली तपासली. आकडा चौपटीहून जास्त!

"ताईनं वर्षानुवर्षं अभ्यास करून तळं निरोगी ठरवलंय हो. लहानपणी दुपारची जेवणं झाली की तिच्यामागे बाटल्या धरायला मीच जायची."

वन्सं आणि वहिनी तिच्याबरोबर कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्या काळी यंत्रं नव्हती. काचेच्या नळीतून रसायन थेंब थेंब सोडायचं, रंग उडाला की मोजायचं. सहायकाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक हिच्या ताईंकडे, आमच्या बाईंकडे. पण मी काय, किल्ली फिरवण्यापुरता उरलोय! बादलीसुद्धा पोरं उचलतात."

"बाटली पाहिलीत?"

"आतून बारीक बुडबुडे चिकटले होते. आणि आकडा? धबधब्याखालच्या पाण्यातही एवढा मिळत नाही."

मग आला वर्गातला 'पहिला नंबर'. ही मुलगी येईपर्यंत तोच पहिला होता.

"बूच नीट लावलं नसेल. हवा शिरली, दुसरं काय?"

"तिच्यावर आळ आला, तुला वाईट वाटलं?"

"वाईट? नाचायचा बाकी होतो!"

ताई मात्र थोडक्यात बोलली. "धाकटी म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. त्याची फळं आहेत ही."

वहिनी कंटाळून खोलीतल्या एकुलत्या उन्हाच्या खिडकीशी गेली. तिथे एक जड मातीची कुंडी होती.

"वन्सं, हे झाड बघा. रुसल्यासारखं खोलीकडे वाकलंय. झाडं उजेडाकडे वाकतात की!"

"हं," वन्सं म्हणाल्या.

झालं! वहिनीनं तोंड फिरवलं. आपल्या बोलण्याची किंमत एक हुंकार.

थोड्या वेळानं वन्संनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं.

"हवा शिरली असती तर धबधब्याच्या पाण्याइतका आकडा आला असता, त्याच्या वर नाही. कपाटात बाटली राहिली असती तर प्राणवायू घटला असता. अंधारात तो वाढत नाही. वाढवतं ते हिरवं शेवाळ, तेही उजेडात. म्हणजे बाटली उन्हात होती. कुठे, ते वहिनीनं शोधलं."

वहिनी चमकली.

"कुंडी उचलून तिथे बाटली ठेवली, मग कुंडी परत ठेवताना तिची खिडकीकडची बाजू खोलीकडे आली. एका हातानं ती हलत नाही, म्हणून सहायक सुटले. पहिल्या नंबराकडे किल्ली नाही. आणि प्राणवायू काठावरच बांधा, हा बाईंचा पहिला धडा. न बांधलेल्या बाटलीचा आकडा फुकट, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ती भर वर्गात तपासली कुणी?"

ताईचा चेहरा उतरला.

"बाई, तुमचे आकडे खोटे नव्हते. तुम्ही जेवून भर दुपारी जात होतात, तेव्हा शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ आणि घाण मिळून तो खातात. पहाटे तळं गुदमरतं. दोघींचंही खरं. बाटली उन्हात ठेवलीत, तेव्हा हे तुम्हाला कळलेलंच होतं."

"हिला चालायला मी शिकवलं," ताई पुटपुटली. "आणि माझ्या आयुष्यभराचं काम हिनं एका पहाटेत पुसलं. बघवलं नाही मला." मग मान वर करून म्हणाली, "उद्या मीच सांगेन सगळं."

धाकटीनं आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"त्या पहाटे मी तुला उठवायला आले होते, ताई. तू कूस बदललीस."

ताईनं तोंडावर पदर घेतला. बाकीचे उठून गेले, त्या दोघी तशाच बसून राहिल्या.

जिन्यात वन्संनी आपली पिशवी स्वतःच उचलली.

"वहिनी, आज माझं कुठे चुकलं का गं?"

"नाही ना," वहिनी म्हणाली. "तेच तर दुखणं आहे!"