सानगडीचे पाच कॉम्प्युटर अन् एक पेनड्राइव्ह

दिघोरीहून साकोलीला जाणारा रस्ता सानगडीत शिरला, की राईस मिलच्या वळणावर शहाण्या माणसाने डोळे बारीक करावेत. धान निघालेलं असतं, मिल दिवसभर खडखडत असते आणि कोंडा नुसता उडत असतो. गावच्या लोकांना सवय आहे. जीवनला नव्हती. साकोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमधल्या नोकरीचा पहिलाच आठवडा, हेल्मेटची काच वर, आणि कोंडा गेला की हो सरळ डोळ्यात!

त्याने गाडी कशीबशी थांबवली, ती मिलला लागूनच असलेल्या टायपिंग क्लासच्या दारात.

"पाणी भेटन का जी थोडं?"

दारात एक मुलगी उभी होती. प्रतिक्षा तिचं नाव. दोन्ही हातांत कॉम्प्युटरचा जुना डबा, ओढणी कमरेला खोचलेली, आणि रडू येऊ नये म्हणून चेहरा रागीट करून ठेवलेला.

"भेटन," ती म्हणाली, "पण आधी हे धरा."

तो डबा तिने त्याच्या हातात दिला आणि पाणी आणायला आत गेली. झालं! एक डोळा मिटलेला, हातात परक्याचा कॉम्प्युटर, आणि समोर भंगारवाला भैय्यालाल आपला ठेला घेऊन उभा. "ठेवा न भाऊ ठेल्यावर," भैय्यालाल म्हणाला. जीवनने ठेवला नाही. का ठेवला नाही, ते त्यालाही तेव्हा सांगता आलं नसतं.

प्रतिक्षा तांब्या घेऊन आली. त्याने डबा पायरीवर टेकवून डोळा धुतला, तिने पाणी ओतलं. डोळा उघडल्यावर त्याला आधी ती दिसली, मग कॉम्प्युटर. हा क्रम लक्षात ठेवा.

"हे भंगारात काहून चाललं?" त्याने विचारलं.

"चालतच नाही त काय करू? सुरू केलं का चहा पिऊन या, परत या, तरी ते गोल गोल फिरूनच राहिलं. पोट्ट्यायचा तास निघून जाते."

"मशीन बिघडलं नाही जी. त्याच्या डोक्यावर ओझं जास्त झालं. हलकं काही टाकलं त पळते हे." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "लिनक्स. कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. त्यातलं हे जुन्या कॉम्प्युटरसाठीच बनवलेलं. एक डाव पाहू द्या… नाही चाललं त मीच ठेल्यावर ठेवून देतो."

भैय्यालालने कपाळाला हात लावला. प्रतिक्षाने त्या मुलाकडे पाहिलं. लाल झालेला एक डोळा, भुवईवर अजून कोंडा, आणि बोलणं मात्र असं, की जणू घरातलं कोणी आजारी आहे आणि हा डॉक्टर. तिला हसू आलं.

"या," ती म्हणाली.

आता हा क्लास म्हणजे प्रतिक्षाचा जीव होता, हे सांगायला हवं. तिचे बाबा देवाजी सर. उभा जन्म टाइपरायटरवर टायपिंग शिकवलेला माणूस. तलाठी, कारकून, कोर्टातले बाबू, किती जणांची बोटं त्यांनी घडवली! पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर आली. सरांनी टाइपरायटर विकले, दोन दिवस जेवले नाहीत, आणि बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतले हे पाच कॉम्प्युटर आणले. शिकवणं प्रतिक्षाने हातात घेतलं. आता हेही गेले, तर क्लास बंद. क्लास बंद, तर तिची रवानगी नागपूरला, वच्छला आत्याकडे; आत्याने कापडाच्या दुकानात नोकरी पाहून ठेवलेली. कापडाच्या दुकानात वाईट काही नाही हो. पण जिला इथल्या पोरींना बोटं कशी ठेवायची ते शिकवायचं आहे, तिने तिथे घड्या घालत का राहावं?

आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो होता. जीवनने हात जोडले, "जय भीम, सर" म्हणाला. खुर्चीतून देवाजी सरांनी "जय भीम" म्हटलं आणि चष्म्यावरून त्याला नखशिखांत पाहून घेतलं.

जीवनने डबा उघडला आणि बघतच राहिला. आत पंख्यावर, तारांवर, सगळीकडे कोंड्याचा जाड लेप बसलेला. कोंडा समजला, मिल शेजारीच आहे. पण हा लेप चिकट कसा?

"सर… यात तेल कोणी टाकलं जी?"

"मी," सर ताठ बसून म्हणाले. "दर शनिवारी. मशीन म्हटली का तेल पाहिजे. माझे टाइपरायटर कधी कुरकुरले नाही."

प्रतिक्षाने ओढणीत तोंड लपवलं. जीवन खाली मान घालून ब्रशने खरवडत राहिला. पण त्याचे खांदे हलत होते, आणि ते तिने पाहिलं. हसू दाबणारी दोन माणसं एकमेकांच्या किती लवकर ओळखीची होतात, बघा.

साफसफाई झाली. त्याने पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावल्या… आणि प्रतिक्षाने खुर्ची ओढून बसायच्या आत पडदा निळा झाला. माउस हलवला, हलला. खिडकी उघडली, उघडली! जो कॉम्प्युटर रोज सकाळी तिच्याकडून विनवण्या करून घ्यायचा, तो आज तिच्या पुढे धावत होता.

"अव माय…" तिच्या तोंडून निघालं. "हे तेच आहे?"

"तेच आहे."

"अन् हे लिनक्स बनवलं कोणी?"

"लोकायनं. जगात कुठी कुठी बसलेल्या. नोकरी करून, रिकाम्या टायमात."

"पैसे?"

"नाही घेत."

"मंग कायले बनवते?"

जीवनने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "आपल्या गावागावात विहार कसा बांधला? कोणी विटा आणल्या, कोणी माती कालवली… तसंच."

प्रतिक्षा पडद्याकडे पाहतच राहिली. कुठल्या देशातला कोण माणूस, त्याला सानगडी माहीत नाही, कोंडा माहीत नाही. आणि तरी जुन्या मशीनवाल्यांचंही अडू नये, असं त्याच्या मनात आलं होतं.

"मराठी?" मागून सरांचा आवाज आला. "अन् मराठी बी माझ्या टाइपरायटरची पाहिजे. बटणं इकडची तिकडं झालेली चालणार नाही."

जीवनने दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि खुर्ची रिकामी केली. सर बसले. डोळे मिटले. दहा बोटं जागेवर ठेवली आणि ठोकायला सुरुवात केली, तशीच, टाइपरायटरवर ठोकत तशी. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. टाइपरायटर जाऊन किती वर्षं झाली, आणि त्याची मांडणी कोणीतरी, कुठेतरी, जपून ठेवलेली! सर नुसते त्या बटणांवरून तळहात फिरवत राहिले. भैय्यालाल कधीच रिकामा ठेला घेऊन निघून गेला होता.

पण मास्तर तो मास्तर. जीवन निघताना त्यांनी अट घातलीच. "आतलं जुनं पुसायचं नाही. आधी पाहू. पटलं त ठेवू."

"काही हरकत नाही जी," जीवन म्हणाला. "पेनड्राइव्हवरूनच चालवू. मी रोज इथूनच जातो. सकाळी पाची सुरू करून देत जाईन."

"पेनड्राइव्ह इथंच ठेवा न," प्रतिक्षा म्हणाली.

"ते… कॉलेजचं आहे," जीवन म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग रोजचंच झालं. सकाळी वळणावर गाडीचा आवाज आला, की प्रतिक्षाचा हात आपोआप केसांवर जायचा. तो एकेक कॉम्प्युटर सुरू करायचा, सगळं त्याच्या मेमरीत चढलं की पेनड्राइव्ह काढून पुढच्याला लावायचा. पाच कॉम्प्युटर… आणि खरं सांगायचं, तर पाचव्याला फारच वेळ लागायचा.

"हा काहून हळू आहे?" ती विचारायची.

"याले घाई नाही," तो म्हणायचा. "तुमाले आहे का?"

"मले कायची घाई?"

"मंग राहू द्या त्याले हळू."

बोटं बटणांवर, डोळे पडद्यावर; पण काचेत दोघांनाही एकमेकांचे चेहरे दिसायचे. चहा यायचा. आई, धुरपताबाई, चहात साखर वाढवत चालली होती आणि बोलत काहीच नव्हती. आयांचं हे असंच असतं.

एक गोष्ट मात्र वाईट होती. लाइट गेली, की सगळं नाहीसं. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मशीनला रात गई, बात गई. लाइट आली तरी आतलं जुनं काही चालायचं नाही; जीवन येईपर्यंत पाचही पडदे काळे. आणि लाइट तर जाणारच! त्या शुक्रवारी पोरींची सराव-परीक्षा चालू असताना गेली. सगळ्यांचं टाइप केलेलं गेलं. शेजारच्या बायजाबाईची नात तर ढसाढसा रडली. दोन पोरींनी साकोलीच्या क्लासला जायचं बोलून दाखवलं.

संध्याकाळी सर म्हणाले, "प्रतिक्षा, असं रोज दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून क्लास चालत नाही. पोरगा चांगला आहे. पण उद्या त्याची बदली झाली त? सोमवारी भैय्यालालले बोलावतो. तू आत्याले फोन कर."

प्रतिक्षाने फोन केला नाही. ती पाची काळ्या पडद्यांसमोर बसून राहिली. कारण तिला एक गोष्ट माहीत होती. निळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र होतं, 'इन्स्टॉल' लिहिलेलं. पहिल्याच दिवशी तिने ते वाचलं होतं. ते एकदा दाबलं, की लिनक्स कायमचं आत बसणार. लाइट जावो, येवो, पेनड्राइव्हची गरजच नाही. गरज नाही, म्हणजे सकाळी वळणावर गाडी थांबायचीही गरज नाही… बाबांची अट तर निमित्त होती. एका शब्दात बाबा कबूल झाले असते. तो शब्द तिनेच टाकला नव्हता.

आणि त्यापायी एक पोरगी रडली होती. ते तिला सहन होईना.

शनिवारी जीवन आला, पहिला कॉम्प्युटर सुरू केला. प्रतिक्षा शेजारी येऊन बसली आणि पडद्यावर त्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे काय आहे जी?"

जीवनचा चेहराच उतरला. "हे… हे दाबलं का कायमचं होते."

"किती वेळ लागते?"

"चहा प्याल, तेवढ्यात."

"मंग इतके दिवस काहून नाही दाबलं?"

बाहेर मिल खडखडत होती. तो अगदी हळू म्हणाला, "सरायची अट…"

"खरं सांगा."

"खरं?" त्याने तिच्याकडे पाहिलं, काचेत नाही, सरळ. "पेनड्राइव्ह कॉलेजचं नाही. माझं आहे. हे दाबलं असतं त उद्यापासून मी इथी कोणत्या तोंडानं आलो असतो? मले… तुमी आवडता. पहिल्या दिवशी डोळ्यात पाणी ओतलं तेव्हापासूनच. चुकलं माझं. पोरींचं नुकसान झालं काल, मी ऐकलं. मले रात्रभर झोप नाही लागली."

"एकट्याचं नाही चुकलं," प्रतिक्षा म्हणाली. "मले बी वाचता येते. पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

"अन् बोलल्या नाही?"

"नाही."

"काहून?"

"तुमी ज्यासाठी नाही बोलले, त्यासाठीच."

दोघंही हसले… आणि दोघांचेही डोळे भरून आले. मग तिने आतल्या दाराकडे तोंड करून आवाज दिला, "बाबा, पक्कं करू का? जुनं सगळं पुसल्या जाईन. परत येणार नाही."

"पटलं का तुले?" आतून सर.

"पटलं बाबा."

"मंग कर."

तिने माउस धरला. जीवनने हात पुढे केला, पण तिच्या हातावर ठेवला नाही. बाजूला, टेबलावर ठेवला, इतक्या जवळ की ऊब लागावी. तिने दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. दोघंही ती अशी बघत होते, जणू रोपाला पालवी फुटताना डोळ्यांनी दिसते आहे. जगातल्या न पाहिलेल्या किती माणसांचे हात त्या पट्टीत होते, कोण जाणे! पट्टी भरली. जीवनने पेनड्राइव्ह काढला. मशीन बंद झालं, आणि आपलं आपण, कोणाच्या आधाराशिवाय, पुन्हा सुरू झालं.

जीवनने कॉलेजात फोन करून सुट्टी टाकली, आणि दुपार कलेपर्यंत पाचही झाले. मध्ये एकदा लाइट गेली, आली, आणि झालेले सगळे आपोआप उठून उभे राहिले. देवाजी सर बाहेर आले. एकेका पडद्यासमोर थांबत, लहान मुलासारखे बघत फिरले.

"वा," ते म्हणाले. "मोठं काम केलं तुमी. आता उद्यापासून तुमाले रोज थांबायचा त्रास नाही."

"नाही सर," जीवन कसाबसा म्हणाला, "मी… येईन उद्या."

"उद्या? कायले? आता काय राहिलं?"

जीवनने पेनड्राइव्ह खिशात घातला, परत काढला. प्रतिक्षा उठून उभी राहिली. तिने मान वर केली आणि बापाच्या डोळ्यांत बघून सांगितलं,

"माझ्यासाठी, बाबा."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आधी मुलीकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे.

"धुरपता," त्यांनी आत हाक मारली, "ताट वाढ. जावायले सकाळपासून उपाशी ठेवलं तुझ्या पोरीनं."