चिंचोक्याची खळ

मंगळवारच्या बाजारात मायाक्का घोंगडी मांडून बसली होती. समोर एक पॅन्टवाला पाव्हणा उभा. मान खाजवतोय, दंड खाजवतोय, पुन्हा मान...

"खाजकुइलीत लोळून आलासा का, सायेब?"

तो ओशाळला. "सुताची कुसळं हायत. कार्बनच्या."

हा बाळासो. गाव मंगळवेढा, नोकरी बंगळूरच्या प्रयोगशाळेत. पोलिओ झालेल्या पोरांच्या पायांना लोखंडी पट्ट्या बांधतात, त्या जड पट्ट्या पोरांना उचलवत नाहीत. या सुताचं कापड विणून, वर राळ चढवून, हलक्या, टिकाऊ आणि गरिबाला परवडणाऱ्या पट्ट्या करायच्या, हेच त्याचं वेड. पण यंत्रमागावर दोन रिळं तुटून तुटून संपली. उरलं एकच, ते घेऊन तो हातमाग शोधत इथं आला होता. शनिवारपर्यंत हातभर कापड झालं नाही, तर काम बंद!

मायाक्कानं सुताचं टोक बोटावर घेतलं. काळ्या मेंढीच्या लोकरीहून काळं, अन् सापाच्या कातीगत गुळगुळीत.

"खळ कसली लावली?"

"खळ...?"

"अगं बया! बोडकंच सूत मागावर चढवलं? तुटंल न्हाय तर काय! आन् घोंगड्यांच्या मंगळवेढ्याचं म्हणवून घेतासा!"

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात खळीसाठी चिंचोके भाजले, वाटले, शिजले. ताणा अंगणभर पसरला. एका टोकाला तो, एका टोकाला ती. मधे काळ्या सुतांची रांग. कुंचा हलका फिरे, सुतावर खळ चढे, आणि सुताआडून दोन डोळे दोन डोळ्यांना सापडत.

खड्डामागावर बसलेले तिचे वडील भिमा खाकरले. "सायेब, नजर सुतावर ठिवा. ढिलं पडतंय!"

शुक्रवारी माग चालू लागला, सावकाश, हाताच्या ठोक्यानं. सूत तुटेना. मायाक्का कांडी भरता भरता गुणगुणली—

काळं गं सूत माझं, त्याला चिंचोक्याची खळ
पाव्हणा निघाला दूर, माझ्या काळजात कळ...

शेजारी सूत सोडवणाऱ्या बाळासोचा हात थांबला. तिची मान खाली गेली.

सांजेला हातभर कापड उतरलं. ते हातात घेताच त्याचा चेहरा पडला. "मायाक्का... या खळीवर राळ धरायची न्हाय!"

"मग धुवायची की! ऊन पाण्यात." ती खळखळून हसली. "एवढं शिकलासा, आन् धुणं ठाव न्हाय?"

रात्रीच खळ धुऊन त्यानं सोबत आणलेली राळ चढवली, आणि शनिवारी सकाळी पट्टी वाळून तयार झाली. दोन विटांवर ठेवून भिमा तिच्यावर उभे राहिले. पट्टी जरा लवली, पण मोडली नाही.

पट्टी पिशवीत घालून तो बंगळूरला जायला होटगीची गाडी धरायला निघाला, दारातच घुटमळला.

"ओवीतला पाव्हणा... कोण म्हणायचा?"

"हाय एक. लई खाजवतो."

"पुढच्या रविवारी आईला घेऊन आलो तर?"

मायाक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"या की. घोंगडं अंथरून ठेवते..." आणि हळूच म्हणाली, "धुतलेलं. टोचायचं न्हाय."