शेवाळाचा तास

ती प्रयोगशाळेतून जवळजवळ पळतच बाहेर आली आणि मागच्या जिन्यावर मटकन बसली. आत ट्रेमध्ये मेंदूविज्ञानाच्या तासाला चिरायचा पांढरा उंदीर तसाच होता, आणि तोंडावर रुमाल धरून पळणाऱ्या तिला अख्ख्या वर्गानं पाहिलं होतं. दरवर्षी पहिली येणारी मुलगी... आणि ही तऱ्हा!

"पाणी हवंय?"

तिनं वर पाहिलं. उंचच्या उंच मुलगा, हातात पाणी फवारायची बाटली. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला एक विषय आपल्या मर्जीनं निवडायचा असे, आणि यानं शेवाळं निवडली म्हणून कालच कॅन्टीनमध्ये तिनं त्याचं नाव ठेवलं होतं – शेवाळ्या! सगळं टेबल हसलं होतं. तो मागेच उभा होता, हे तिला नंतर कळलं.

"हे... झाडांचं आहे ना?" ती बाटलीकडे बघत पुटपुटली.

"शेवाळांचं. त्यांना चालतं, तुलाही चालेल." तो गालात हसला. "शेवाळ्या म्हणतात मला. ऐकलं असशील."

तिचे कान तापले. पण पाणी ती प्यायली.

विषय बदलायची मुदत संपायच्या आत तिनं मेंदूविज्ञान सोडलं. जागा फक्त शेवाळाच्या वर्गात उरली होती. विषयनिवडीच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, लाजतेस काय? बदलता यावं म्हणूनच तर ही सोय आहे." तरी ती मान खाली घालूनच त्या वर्गात शिरली. रिकामी खुर्ची एकच होती – त्याच्या शेजारी.

"ये," तो हळूच म्हणाला. "इथे कुणी पळून जात नाही. शेवाळंही नाही."

आणि मग ती रमलीच! ग्रंथालयाच्या ओल्या भिंतीपाशी दोघं भिंग घेऊन तासन् तास उभी राहत. एकदा त्यानं वाळून करडा झालेला एक पुंजका तिच्या तळहातावर ठेवला, वर पाण्याचे चार थेंब सोडले. बघता बघता एकेक पान उलगडलं, हिरवंगार झालं.

"मेलं नव्हतं?"

"छे! वाट बघत होतं."

"कुणाची?"

"आता... तेही मीच सांगू?"

तिनं भिंग डोळ्याला लावलं, ते उगाचच बराच वेळ काढलं नाही.

घरी मात्र तिनं काही सांगितलं नव्हतं. बाबांचं औषधांचं दुकान होतं, आणि खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यालाही ते ऐकवत, "आमची लेक मेंदूवर शिकतेय बरं का!" त्यांचा फुललेला चेहरा पाहिला की तिची जीभ टाळ्याला चिकटे.

एके दुपारी भिंतीच्या खपलीनं त्याचं बोट कापलं. पाऊस भुरभुरत होता, दुकान दोन गल्ल्यांवर. पट्टी लावायला ती त्याला तिथे घेऊन गेली.

"हा तुझ्या मेंदूच्या वर्गातला का?" बाबांनी पट्टी चिकटवत विचारलं.

"हो," ती म्हणून गेली. त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"छान! नाहीतर तुमच्याकडे म्हणे शेवाळाचाही विषय असतो. कोण घेतं गं तो?"

"ज्यांना दुसरं काही जमत नाही ते," ती हसून म्हणाली.

ते हसू तिचं तिलाच ऐकवलं नाही.

"हो काका," तो शांतपणे म्हणाला. "तेच घेतात." आणि पट्टीचा कागद खिशात घालून पावसात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या शेजारची खुर्ची सोडून पुढे जाऊन बसला. तिनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं नीट, सभ्यपणे उत्तर दिलं. भांडला असता तर परवडलं असतं! दिवसभर तिला वाटत राहिलं, आपल्या कपाळावर काहीतरी लिहिलंय आणि सगळे ते वाचताहेत.

संध्याकाळी ती तडक दुकानात गेली. गिऱ्हाईक उभं होतं, तरी थांबली नाही. थांबली असती तर धीर सुटला असता.

"बाबा, मी मेंदू सोडला. मी शेवाळं शिकते. आणि तो मुलगा त्याच वर्गातला... वर्गात सगळ्यात हुशार."

बाबांचा हात काउंटरवरच थांबला. गिऱ्हाईक पिशवी घेऊन हळूच सटकलं.

"मेंदू नको होता तर सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी काय तुला खाल्लं असतं? सगळ्या गल्लीत मला खोटं पाडलंस, ते एक वेळ जाऊ दे. पण त्या पोराला माझ्यासमोर मान खाली घालायला लावलीस... ते मला नाही आवडलं."

तिला रडूही आलं नाही, इतकं ते खरं होतं.

सकाळी तो ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी एकटाच भिंत न्याहाळत होता.

"मी बाबांना सगळं सांगितलं," ती मागूनच म्हणाली. "माझं चुकलं. तू रागावलास, ते बरोबरच –"

"रागावलो नाही." तो वळला. "लाज वाटली. मला माझ्या विषयाची लाज कधीच वाटली नव्हती गं... टोपणनाव पडलं तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी मी 'हो काका' म्हणालो ना, तेव्हा पहिल्यांदा वाटली. तुझ्यापेक्षा माझीच जास्त."

"तू का हो म्हणालास?"

"तू खोटी पडली असतीस."



"मला तू आवडतोस," ती पायऱ्यांकडे बघत भडाभडा बोलून गेली. "हे आज सांगायचं नव्हतं. माफी मागताना सांगितलं की लाच दिल्यासारखं वाटतं... पण आता आलंच तोंडातून."

"लाच घेतो मी," तो हसला. "कधीपासून वाट बघतोय, कुणी देतच नव्हतं!"

तिचे गाल तापले. लाजेनं की आणखी कशानं, तिचं तिलाच कळेना.

"अगं, वर बघ की."

"नाही बघवत... खरंच नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि तो उंचच्या उंच मुलगा ओल्या पायरीवर, तिच्या पायांपाशी, खुशाल फतकल मारून बसला – खालून तिचा चेहरा दिसावा म्हणून.