कॉन्टेसाच्या काळ्या काचा

गाड्यांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पिंपळगावच्या कोंडाजींच्या शेडमध्ये द्राक्षांच्या क्रेटांमागे धूळ खात पडलेली जुनी कॉन्टेसा मी घेतली, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. इंजिन केलं, रंग केला. राहिल्या फक्त काचा. चारही दारांच्या आणि मागच्या काचेला आतून काळी फिल्म होती. माझ्या भाचीचं, इराचं लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला की सासरी दिंडोरीला जायचं ते मामाच्या कॉन्टेसातूनच. काळ्या काचा पोलीस चालू देत नाहीत, आणि नवरी दिसायला नको का?

फिल्म काढतोय, असं मी कोंडाजींना फोनवर सहज बोललो.

"तेवढं करू नका," ते म्हणाले. "आत रात्रच राहू द्या..."

खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या चुलतीबरोबर पाठराखीण म्हणून एक लहान पोर आली होती. नवी नवरी सासरी एकटी पडू नये म्हणून माहेरचं कोणी सोबत पाठवतात, तशी. चार दिवसांनी माहेरची माणसं येऊन तिला परत नेणार होती. कोणी आलंच नाही. पोर तापानं फणफणली आणि दवाखान्यात नेताना याच गाडीच्या मागच्या सीटवर गेली. त्यानंतर मागच्या सीटवर कोणी बसलं की कानाशी आवाज यायचा, न्यायला आले का? शेवटी कोंडाजींच्या आईनं तोडगा काढला. लेकीबाळींना दिवेलागणीनंतर कोणी वाटेला लावत नाही. काचा काळ्या करा, पोरीला वाटेल रात्र आहे, बसून राहील बिचारी.

मला पोरीची दया आली, खोटं कशाला बोलू. पण म्हातारीच्या तोडग्याचं हसूही आलं.

रविवारी सकाळी बंगल्यासमोर, उन्हात गाडी लावली. बहिणीचा, म्हणजे सविताचा हेअर ड्रायर, साबणाचं पाणी, दाढीचं ब्लेड आणि पेट्रोलचा बोळा एवढंच सामान. इरा मदतीला होती. जुनी फिल्म एकसंध निघत नाही, तिचे जांभळे कपटे निघतात आणि गोंद काचेवर राहतो, बाभळीच्या डिंकासारखा. मागच्या डाव्या काचेवर, लहान मुलाचं कपाळ टेकेल एवढ्या उंचीवर, तेलकट गोल डाग होता. मी तो आदल्या दिवशीच पुसला होता. आता पुन्हा ओला होता. खोबरेल तेलाचा वास येत होता.

ती काच शेवटी घेतली. गोंदाचा शेवटचा पट्टा खरवडला आणि ऊन थेट सीटवर पडलं. तेवढ्यात मागच्या दाराचा खटका आपोआप वाजला. गाडीची मागची बाजू किंचित वर आली, माणूस उतरल्यावर येते तशी.

"मामा, कोणी उतरलं का?" इरानं हळूच विचारलं.

मी म्हटलं, जुने स्प्रिंग आहेत. पण मला भीती वाटली होती.

लग्न छान झालं. पाठराखीण म्हणून इराची चुलत बहीण आरोही गेली. चार दिवसांनी दोघींना आणायला मीच दिंडोरीला गेलो. इरा मागे बसली, वाटभर डाव्या काचेला कपाळ टेकून बाहेर बघत राहिली. गाडीत खोबरेलाचा वास होता. इरा जन्मात कधी तेल लावत नाही. दारात सविता भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. आरोही उतरली, इरा उतरेना.

"हे आमचं घर नाय..." ती म्हणाली. "आमचं अजून पुढं हाय."

शहरात, कॉलेज रोडवर वाढलेली पोरगी ही, असं कधी बोलायची नाही. सविताच्या हातातला तांब्या सुटला.

मी कोंडाजींना फोन लावला. चुलती कधीच वारली होती, पोर तिच्या लांबच्या नात्यातली. गाव कुठलं, ते त्यांच्या घरात आज कोणालाच माहीत नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टर झाले, वणीला देवीच्या पायावर घालून झालं. जावई रोज येतो, ती त्याला ओळखत नाही. उजाडलं की गाडीत जाऊन बसते. मी नेतो. निफाड, चांदवड, सटाणा, दिसेल त्या गावाच्या वेशीवर थांबतो. ती बाहेर बघते आणि मान हलवते.

काल मी गाडी कडेला घेतली आणि अक्षरशः हात जोडले. म्हटलं, बाळा, गावाचं नाव तरी सांग.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान मूल मोठ्या माणसाकडे विश्वासानं बघतं, तसं.

"न्यायला तर तुम्हीच आले..." ती म्हणाली. "मग गाव तुम्हाला नाय का ठाऊक?"