हाकेला न येणारे मासे

कवळेटोल्याच्या तलावात सकाळी साडेसातला हाकारा सुरू झाला आणि काठावरचे बगळे सवयीनं पुढे सरकले. सात वर्षं हेच चाललं होतं. हाकारा म्हणजे तलावाच्या मधोमध रोवलेला पुरुषभर उंचीचा खांब. त्यातून माणसाला ऐकू न येणारा एक नाद पाण्यात पसरायचा, मासे चरताना होतो तसा, आणि अर्ध्या तासात तलावभरचा मासा खांबाभोवती गोळा व्हायचा. खांबाच्या पोटातलं यंत्र त्यांची शिरगणती करायचं आणि मग तिथंच जाळं टाकायचं. बनवणाऱ्यांनी लोकांना फसवलं असं म्हणता येणार नाही. मासा खरंच यायचा.

आज बगळे नुसतेच उभे राहिले.

"एकशे बारा," डोंग्यात बसलेला ओजस नाईकवाडे हातातल्या डिजिटल पाटीकडे बघत म्हणाला. मत्स्यविभागाचा हा तरुण तंत्रज्ञ नागपुराहून गणनेसाठी आला होता. "ताई, निदान तीन हजार लागतात. नाहीतर तलाव मृत ठरतो. मग तुमच्या संस्थेचा पट्टा रद्द आणि तलाव जलक्रीडावाल्यांना."

निरूपा वलथरे वल्हं मारायची थांबली. गावातल्या ढिवर बायांच्या मच्छीमार संस्थेची ती अध्यक्ष, आणि आज मागे बसलेली तिची जाऊ देवका उपाध्यक्ष. दोघींच्या सासूनंही याच पाण्यात आयुष्य काढलं होतं.

"मेला नाई जी तलाव," निरूपा म्हणाली. "मी रोज पायतो."

ओजस भला माणूस होता, म्हणूनच तो जास्त अवघड होता. त्यानं पाटीवर तळाचा नकाशा दाखवला. "हे बघा, तीनशे ठिकाणी अडथळे आहेत. मासे त्यांत दडून बसलेत. तेवढे काढा, मी उद्या फेरमोजणी करतो. आकडा नक्की येईल."

"अडथळे नाई ते. माहेर हाय."

अर्जुनाच्या आणि जांभळीच्या फांद्यांची जुडी करायची, पळसाच्या मुळ्यांच्या दोरानं आवळायची, दगड बांधून वैशाखातल्या उथळ पाण्यात बुडवायची. सोडताना ओटी म्हणून मूठभर तांदळाचा कोंडा टाकायचा. फांद्यांवर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, आणि पावसाळ्यात मादी अंडी घालायला तिथं येते, म्हणून त्या जुडीचं नाव माहेर. कोजागिरीपर्यंत त्याच्या आसपास जाळं टाकायचं नाही, हा सासूच्याही सासूपासूनचा नेम. हाकारा आल्यावर गाव हे सगळं विसरलं होतं. तिसऱ्या वर्षी मासा आटू लागला, तेव्हा निरूपानं पुन्हा जुड्या बांधायला घेतल्या.

"दोनच दिवसांसाठी काढा," ओजस म्हणाला. "नंतर परत टाका."

"लेक बाळंतपणाला आली, अन् तुमी म्हणता दोन दिवस घर पाडा?"

"निरू," देवका हळूच म्हणाली, "काढू ना वं. पट्टाच गेला तं हे माहेर कोणाचं?"

देवका खोटं बोलत नव्हती. तलाव गेला तर पंचेचाळीस घरांची चूल जाणार होती आणि तो दोष निरूपाच्या माथी बसणार होता. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. तिनं डोंगा पूर्वेच्या काठाकडे वळवला.

फांद्यांचे शेंडे जिथं पाण्याबाहेर डोकावत होते, तिथं ती थांबली. "आता बोलू नका. पाहा."

थोड्या वेळानं पाणी खदखदल्यासारखं झालं. तांदळाएवढी शेकडो लाल पिल्लं एकदम वर आली, हवेचा घोट घेऊन खाली गेली. त्यांच्याखाली हातभर लांबीची मरळ संथपणे फिरत होती. पलीकडच्या जुडीशी आणखी एक झुबका वर आला, मग तिसरा.

ओजसनं पाटीवरून हाकाऱ्याचा आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. खांब लांबवर थरथरला, पण मरळ जागची हलली नाही.

"हिला ऐकू येत नाही?"

"येत असंल. जात नाई."

ओजसनं हाकारा बंद केला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "जे हाकेला आले, ते सात वर्षं आपण पकडले. जे आले नाहीत, त्यांचीच पिल्लं झाली. मग पिल्लांची पिल्लं. ताई, या तलावात आता हाक न मानणाऱ्यांचीच जात उरलीय. हे यंत्र त्यांना कधीच मोजू शकणार नाही!"

"मंग लिवा तसं."

"लिहायला जागा नाही. एकच रकाना आहे, आकड्याचा. आणि तो यंत्रानं परस्पर पाठवलासुद्धा." त्यानं मान खाली घातली. "मी वेगळा अहवाल देईन. वाचतील की नाही, सांगता येत नाही. जलक्रीडेसाठी तळ साफ करणारी बोट मात्र येईलच."

"येऊ द्या," निरूपा म्हणाली. "माहेर नाई काढत मी. देवके, तू?"

देवका अजून त्या लाल झुबक्याच्या जागेकडे बघत होती. "माह्या घरी जांभळीच्या फांद्या पडून हायेत," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी रद्द झालेला पट्टा सरकारजमा करण्यासाठी तालुक्याच्या कार्यालयात संस्थेच्या पंचेचाळीस जणींना बोलावणं गेलं. निरोप प्रत्येकीच्या फोनवर पोचला, वाचल्याची खूणही उमटली. अकरा वाजले, बारा वाजले. मांडलेल्या पंचेचाळीस खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या वेळी कवळेटोल्यात पंचेचाळीस जणी कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून नव्या जुड्या सोडत होत्या. पहिली जुडी त्यांनी हाकाऱ्याच्या बुडाशीच टाकली होती, कोंड्याच्या ओटीसकट.

दाराजवळच्या हजेरीयंत्रानं शून्य आकडा दाखवला. कार्यालयातल्या साहेबांनी तो पाहिला आणि आपला अहवाल घेऊन आलेल्या ओजसकडे वळून वैतागून विचारलं, "काय हो नाईकवाडे, त्या गावात कोणी राहतच नाही का?"