थट्टेत दिलेलं

ही गोष्ट खरी आहे. मला रचताच आली असती, तर तिला शेवट तरी दिला असता... तो माझ्याकडे नाही.

१४ एप्रिल २०२२, गुरुवार. ईस्टरच्या सुट्टीचा आदला दिवस. जागा, लिव्हिंगस्टनचा मोसी-ओआ-तुन्या धबधबा.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो मिलिमो माझा शेजारी. टोंगा जमातीचा माणूस. वीस वर्षं वाटाड्याचं काम करतो. तो खोटं बोलत नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

त्या दिवशी त्याच्याबरोबर दूरच्या किटवे शहरातलं एक कुटुंब होतं. चिलेशे, त्याची बायको मुताले, त्यांची नऊ वर्षांची बुपे आणि चिलेशेची म्हातारी आई. तीन दिवस काफुएच्या जंगलात हत्ती, सिंह बघून झाले होते. धबधबा शेवटी ठेवला होता.

एप्रिलमध्ये नदी तुडुंब असते. धबधबा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तुषार इतके दाट की पुढचा माणूस पुसून जातो. म्हणून दरीवरच्या पायपुलाची एक रीत आहे. टोपीचे रेनकोट घालायचे. प्रत्येकाने पुढच्याच्या रेनकोटचा काठ मुठीत धरायचा. वाटाड्या सगळ्यांच्या मागे.

आधी वाटाडे दोन असत. पुढे मिलिमो, मागे सितली.

सितली लोझी जमातीचा. टोंगा गुरं पाळणारे, लोझी मासे खाणारे; दोघे म्हणजे थट्टेचे भाऊ. त्याने टोचलं तर रागवायचं नाही. त्याने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. डोक्यावरची टोपी असो, ताटातला मासा असो, हसून "घे की" म्हणायचं. अकरा वर्षं दोघांचं हेच चाललं होतं.

त्या दिवसाच्या आठ महिने आधी सितली तापाने गेला.

त्याच्या मातीलासुद्धा मिलिमोने रीत पाळली होती. खड्ड्याच्या काठावर उभं राहून तो ओरडला होता, "ऊठ रे आळशा! झोपायला एवढ्या लांब आलास होय?"

लोक हसले होते. मग मिलिमो एकटाच रडला होता.

पुलाच्या तोंडाशी म्हातारीने विचारलं, "काय रे, तुम्ही टोंगा म्हणे गाईंची नावं पाठ ठेवता आणि बायकोचं विसरता?"

"बायको हाकेला येत नाही आजी, गाय येते," मिलिमो म्हणाला.

सगळे हसत पुलावर चढले. पुढे चिलेशे, मग मुताले, मग बुपे, मग म्हातारी. शेवटी मिलिमो.

दहा पावलांत सगळं पांढरं झालं.

पूल मध्यावर आला असेल...

कोणीतरी मागून मिलिमोच्या रेनकोटचा काठ धरला.

त्याला वाटलं, दुसऱ्या गटातला कोणी चुकून चिकटला असेल. तो वळणार होता. तेवढ्यात...

धबधबा थांबला.

पाणी अंगावर पडत होतं. फक्त आवाज नव्हता.

आणि अगदी कानाशी, कोरड्या गळ्याने कोणीतरी म्हणालं, "काय टोंगा, आज किती गुरं हाकतोयस?"

आठ महिने त्याला असं कोणी छेडलं नव्हतं.

"चार," मिलिमो म्हणाला.

"त्यातलं एक मला दे."

"घे की, मासेखाऊ! हवं ते निवड!"

तोंडातून निघून गेलं. सवयीने. आनंदानेसुद्धा.

मागची मूठ सुटली... आणि गर्जना परत कानांवर कोसळली.

तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण कोणाला काय म्हणालो.

तो ओरडत राहिला. "पळा! पुढे पळा!" कोणाला ऐकू जाणार?

पलीकडच्या टोकाला त्याने माणसं मोजली. चार. पुन्हा मोजली. चारच. त्याच पुलावरून त्याने त्यांना परत आणलं, एकेकाचं मनगट पकडून. तेव्हा काहीच झालं नाही.

गवती छपराखाली, उन्हात, त्यांनी डबे उघडले. न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि तळलेला मासा.

म्हातारी म्हणाली, "पोरा, जाताना पुलावर माझं कोपर धरलंस, बरं केलंस. हात मात्र फार गार रे तुझा."

मिलिमोने तिचं कोपर धरलं नव्हतं.

"माझं पण धरलं होतं काकांनी," बुपे म्हणाली. "मग सोडलं."

चिलेशे हसला. "माझंही. मी तर सगळ्यांत पुढे होतो! तू एवढ्या पुढे आलास कधी?"

मिलिमोने हळूच मुतालेकडे पाहिलं. ती उजव्या हाताने जेवत होती. डावा हात अंगापासून जरा दूर होता... कोणाच्या तरी हातात दिल्यासारखा.

"आणि वहिनी, तुमचं?"

मुताले गोंधळली. तिने बाजूला पाहिलं.

"माझं अजून सोडलेलं नाही," ती म्हणाली.

मिलिमोने तिच्या कोपराभोवती हात फिरवून पाहिला. काही नव्हतं. फक्त तेवढी कातडी ओली होती. पुसली, तरी ओलीच.

तो एकटा पुलावर धावला. "सितली! ती माझी नव्हती रे द्यायला!" घसा बसेपर्यंत ओरडला. नुसतं पाणी गरजत राहिलं.

पुढच्या आठवड्यात तो मोंगूला, सितलीच्या आईकडे गेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"थट्टेत दिलेलं परत मागत नाहीत," ती म्हणाली. "मागितलं की भांडण. आणि मेलेल्याशी भांडून कोण जिंकलंय, बाळा?"

मुताले जिवंत आहे. हिंडते-फिरते, स्वयंपाक करते.

पण पुढच्या एप्रिलमध्ये ती पहाटे अंगणात उभी सापडली. डावा हात पुढे.

त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये, किटवेच्या बसस्टँडवर.

त्याच्याही पुढच्या एप्रिलमध्ये निम्म्या वाटेवर, लुसाकाला. हातात लिव्हिंगस्टनचं तिकीट होतं. आपण ते कधी काढलं, हे तिला सांगता येईना.

यंदा नदी लवकर चढली आहे. परवा चिलेशेचा फोन आला होता. मी मिलिमोच्या शेजारीच बसलो होतो.

"भाऊ, तिला कोंडून ठेवू का?" तो विचारत होता. "बांधू का? काय करू, सांग ना."



आता मिलिमो रोज संध्याकाळी लुसाकाहून येणाऱ्या बसची वाट बघत लिव्हिंगस्टनच्या स्टँडवर उभा असतो. ती उतरली तर काय करायचं, ते त्याला माहीत नाही.

मलाही नाही.